सतरावा आकडा

खोपोलीच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी आधी वेगळी खोली बांधली, तिला थंड हवेचं यंत्र बसवलं आणि दाराबाहेर चपला काढायला फळी ठोकली. शेडमध्ये माणसं भट्टीपुढे घामाने निथळत होती, त्यांना पंखा नव्हता. पण मशिनला उकडून चालत नव्हतं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, पडद्यावर हळदकुंकू लावलं, आणि मग अक्षरं दिसेनात म्हणून ते पुसायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरातून पूजाअर्चा माझ्या जन्माआधीच गेली होती. मी ओल्या फडक्याने देवत्व पुसून काढलं आणि कामाला बसले.

मी नववीतून शाळा सोडलेली. वऱ्हाडातून इकडे शिळफाट्याला मावशीकडे आले ती टायपिंग येतं एवढ्या बळावर. तिकडे परत जाणं म्हणजे काकांच्या घरी जाणं, आणि काकांनी माझ्यासाठी बघून ठेवलेला माणूस माझ्या बापाच्या वयाचा होता. म्हणून या खोलीत टिकणं एवढंच मला कळत होतं. मी टेंपररी होते. ठरावीक महिने झाले की काढायचे, मग पुन्हा घ्यायचे. ‘घ्यायचे’ हा शब्द दर वेळी खरा होईलच असं नसे. कायम करायचं की नाही हे कॉम्प्युटरच्या साहेबांच्या सहीवर होतं.

साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाहीत. पदवी झालेल्या मुली अर्ज घेऊन उभ्या असताना त्यांनी मला घेतलं. कारण विचारल्यावर म्हणाले, ‘‘ही प्रश्न विचारत नाही.’’ खरंच विचारत नव्हते. प्रश्न विचारला तर शाळेचा दाखला निघेल अशी भीती वाटायची. आमच्याकडची सवय म्हणून मी प्रत्येक गोष्टीला ‘हो जी’ म्हणायची. कँटीनमध्ये त्यावरून माझं नावच पडलं होतं.

‘‘ए हो-जी, आज डाळीत मीठ हाय का गं?’’

‘‘हो जी.’’

‘‘आन् नाय का?’’

‘‘हो जी.’’

मग सगळे हसायचे. हसू देत. हसणारे कायम होते.

साहेब कर्जतहून शटल गाडीने यायचे. खिशाला कंगवा, टायला चिमटा आणि तोंडात ‘लॉजिक’. चहात साखर जास्त पडली तरी त्यांना त्यात लॉजिक दिसायचं नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायला थोडी अक्कल आणि थोडी हिंमत लागते. त्यांच्याकडे फक्त मशीन होतं आणि ते मशीन या पट्ट्यात आपल्याशिवाय कुणाला कळत नाही याचा आनंद होता. त्या आनंदाला रोज कुणीतरी प्रेक्षक हवा असे. बहुतेक वेळा तो मीच.

त्यांना बुद्धिबळाचं वेड होतं. कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत कामगार पट मांडायचे. त्यांच्यातला सगळ्यात तयार गडी म्हणजे लोधिवलीचा एक फिटर. गळ्यात रुमाल, आवाज मोठा, आणि प्यादं मारलं की ते समोरच्याच्या ताटाशेजारी ठेवायची सवय. साहेबांनी त्याला डाव खेळायला आव्हान दिलं.

‘‘खेळतो,’’ फिटर म्हणाला, ‘‘पर आमच्या कायद्यानं. तुमचा विलायती खेळ आमाला नाय जमत.’’

‘‘खेळू की, गावठी तर गावठी,’’ साहेब म्हणाले आणि आजूबाजूला बघून घेतलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

गावठी कायदा म्हणजे आमच्या वऱ्हाडातही होता तोच, थोड्या फरकाने. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जातं. राजा आणि हत्तीची ती विलायती अदलाबदल, कॅसलिंग, ती नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, अडीच घरांची. मात्र तोपर्यंत त्याला शह लागलेला नसला पाहिजे. एकदा शह लागला की उडी गेली ती गेली.

सुट्टी अर्ध्या तासाची, डाव काही अर्ध्या तासात संपेना. दुसऱ्या पाळीला टेबलं लागायची म्हणून पट आवरावा लागे. कुणी म्हणालं, सोंगट्या कुठं व्हत्या ते कागदावर लिहून ठेवा. एवढ्याने भागलं असतं. पण साहेबांनी हात वर केला. ‘‘मशीन लक्षात ठेवेल. माणूस विसरतो, मशीन कधी विसरत नाही.’’

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. कँटीनने ते ठेवलं होतं.

साहेबांकडे एक इंग्रजी मासिक होतं. पटावरचा डाव आकड्यांत कसा बसवायचा ते त्यात छापलेलं. कल्पना अशी की रिकामं घर म्हणजे शून्य. पांढरं प्यादं एक, घोडा दोन, उंट तीन, हत्ती चार, वजीर पाच, राजा सहा. काळ्यांना त्यातच आठ मिळवायचे, म्हणजे काळं प्यादं नऊ, काळा राजा चौदा. मग शेजारशेजारची चार घरं एकत्र बांधून त्यांचा एकच आकडा करायचा. पहिल्या घराला चार हजार शहाण्णवने गुणायचं, दुसऱ्याला दोनशे छप्पनने, तिसऱ्याला सोळाने, चौथं तसंच, आणि बेरीज. चार पांढरी प्यादी ओळीने उभी असली की ४३६९. चार रिकामी घरं असली की नुसतं शून्य. चौसष्ट घरांचे झाले सोळा आकडे. अख्खा डाव एका ओळीच्या कागदी पट्टीवर मावतो.

कल्पना मला आवडली होती. ती साहेबांची नव्हती म्हणून आवडली असेल.

मासिकात एक सतरावा आकडाही होता. कॅसलिंग कुणाचं शिल्लक आहे, कुणाचं गेलं, आणि खेळी कुणाची, त्याच्या हो-नाहीच्या खुणा त्या एका आकड्यात. म्हणजे पटाकडे नुसतं बघून जे कळत नाही ते सगळं. साहेबांनी माझ्यादेखत लाल पेन्सिल घेतली आणि तो परिच्छेद आडवा कापला.

‘‘आपल्याकडे कॅसलिंग आहे का?’’

‘‘नाही जी.’’

‘‘काळ्याची खेळी झाली की आपण थांबतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी खेळी कायम पांढऱ्याची. मग हा आकडा कशाला? विलायती कचरा. बघ, एक आकडा वाचवला. याला म्हणतात लॉजिक!’’

‘‘हो जी.’’

वाचवून त्या आकड्याचं काय करणार होते, ते मी विचारलं नाही.

आता या कामाचा क्रम सांगते, म्हणजे हा काय थोर उद्योग होता ते कळेल. सुट्टी संपताना मी कँटीनमध्ये पेन्सिलीने कागदावर पट काढायची, कोणती सोंगटी कुठे ते लिहायची. कागद घेऊन थंड खोलीत यायची. एकेक सोंगटी मशिनला सांगायची. पडद्यावर सोळा आकडे यायचे. ते टाइपरायटरवर पट्टीवर उतरवायचे, कारण कंपनीच्या फ्लॉपीवर खेळ ठेवला असता तर साहेबांची नोकरी गेली असती, आणि वीज गेली की मशिनच्या डोक्यातलं सगळं जायचं. न विसरणाऱ्या मशिनचं हे असं होतं. पट्टी झाली की साहेब पेन्सिलीचा तो कागद फाडायला लावायचे. दुसऱ्या दिवशी पट्टीवरचे सोळा आकडे मशिनला द्यायचे, पडद्यावर पट उमटायचा, तो बघून मी पुन्हा कोऱ्या कागदावर पेन्सिलीने पट काढायची, आणि तो कागद घेऊन कँटीनमध्ये सोंगट्या मांडायची.

कुणाला काही वाटलं नाही. उलट लोक पट्टी बघायला यायचे, देवळातला अंगारा बघावा तशी. तिच्यावरून हात फिरवायचे. साहेबांनी ती कँटीनच्या फळ्यावर टाचायला लावली. फिटरला त्यात एकच गोष्ट खटकली.

‘‘सायेब, ह्ये काय? आमच्या काळ्या प्याद्यांना वजा कशापायी? तुमची च्यार हजार आन् आमची उणे सव्वीस हजार?’’

त्या मशिनला फार मोठा आकडा पेलत नसे. चारांच्या गटात पहिल्या घरात काळी सोंगटी असली की बेरीज त्याच्या आवाक्याबाहेर जायची आणि ते उणे आकडा दाखवायचं. चार काळी प्यादी म्हणजे उणे सव्वीस हजार दोनशे पंधरा. साहेबांना हे साध्या शब्दांत सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, ‘‘तुला नाही कळायचं, त्यात लॉजिक आहे.’’

‘‘लाजिक कसलं, तुमी कामगाराला मशिनमदी बी उणाच धरताव,’’ फिटर म्हणाला. कँटीनमध्ये टाळ्या पडल्या. पुढे कित्येक दिवस कुणी उशिरा आलं की ‘आला उणे सव्वीस हजार’ असं चालायचं. विनोद म्हणून बरा होता, पण तोच तो रोज ऐकून मला डाळभाताइतकाच कंटाळा आला होता.

डाव रंगत गेला. एका दुपारी साहेबांचा घोडा आत घुसला आणि त्यांनी ‘शह!’ असा आवाज टाकला की आचारी हातात आमटीचा डाव घेऊन भटारखान्यातून बाहेर आला, कुणाला भाजलं की काय म्हणून. फिटरने राजा एक घर बाजूला घेतला आणि तंबाखू मळत बसला. बाकीचे ‘च्च’ म्हणाले, कारण राजाची उडी गेली. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्या दिवशीही पट्टी केली. सोळा आकडे, काळा राजा त्याच्या नव्या घरात, चौदा नंबरचा, व्यवस्थित.

मध्ये रविवार आला, मग लोडशेडिंग, मग साहेबांना वरच्या ऑफिसात मीटिंग. पुन्हा पट मांडला तेव्हा साहेब जिंकत आले होते. त्यांनी हत्ती सरकवला. पुढच्या खेळीला मात नक्की. ते खुर्चीत मागे रेलले आणि कंगवा काढला.

फिटरने राजा उचलला आणि अडीच घरं टाकून कोपऱ्याबाहेर ठेवला.

‘‘ए! हे काय?’’

‘‘उडी.’’

‘‘तुझ्या राजाला मागेच शह लागून गेलाय! घोड्याचा! सगळ्यांसमोर!’’

‘‘कवा?’’ फिटरने तंबाखूची डबी झाकली. ‘‘आमाला काय आठवत नाय. मानूस इसरतो, सायेब. मशिनला इचारा की. मशिन इसरत नाय.’’

साहेबांनी कँटीनवर नजर फिरवली. ‘‘तुम्ही सगळे होता ना? शह लागला होता की नाही?’’

कुणी ताटात बघत होतं, कुणी छताकडे. आचारी म्हणाला, ‘‘मी तं आत व्हतो.’’ ज्याने आमटीचा डाव हातात घेऊन तो शह बघितला होता तोच. भट्टीपुढे उभी राहणारी चाळीस-पन्नास धट्टीकट्टी माणसं एका सोंगटीसाठी आंधळी झाली. युनियनच्या मीटिंगला यांच्यातले दहा जण एका बाजूने हात वर करत नसत, इथे मात्र सगळ्यांचं एकमत.

‘‘ती पट्टी आणा,’’ फिटर म्हणाला. ‘‘शह लागल्याचं तिच्यावर आसंल तं मी राजा मागं घेतो. नसंल तं उडी खरी.’’

फळ्यावरची पट्टी काढून आणली. सोळा आकडे. साहेब त्यांच्यावरून बोट फिरवत गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यांचं बोट सोळाव्याच्या पुढे कोऱ्या कागदावर जाऊन थांबलं. त्याच क्षणी त्यांना कळलं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, ती खालून वर लाल होत गेली. कॅसलिंगच्या जागी आपल्याकडे ही उडी होती. उडी शिल्लक आहे की गेली, हे पट सांगत नाही, राजा कुठल्याही घरात उभा असला तरी सांगत नाही. ते सांगायला तोच सतरावा आकडा लागत होता, जो त्यांनी कचरा म्हणून कापला होता.

माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, राहिलं बाबा, पुन्हा खेळू. चार लोक हसले असते, चहा झाला असता. तेवढंही मोठेपण त्यांच्याजवळ नव्हतं. ते तरातरा खोलीत गेले आणि मासिक घेऊन आले. पान उघडून फिटरपुढे धरलं.

‘‘हे वाच. येत नसेल तर मोज. सतरा आकडे असतात. सतरा! पट्टीवर किती आहेत? सोळा. सतरावा उतरवायचा राहिलाय.’’

मासिक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं आणि डावा अंगठा पानाच्या मधोमध दाबून ठेवला होता. लाल रेघ लांब होती, अंगठा आखूड. बाजूने तिचं टोक दिसत होतं. समोरच्यांना ते छापलेलंच वाटलं असेल. मला ते काय आहे ते माहीत होतं.

‘‘उतरवतं कोन?’’ कुणीतरी विचारलं.

सगळं कँटीन माझ्याकडे वळलं. साहेबही वळले, पण माझ्या डोळ्यांकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघत म्हणाले, ‘‘काय गं, तुझ्याकडून गाळला गेला ना?’’

माझ्या कायम व्हायच्या कागदावर त्याच आठवड्यात सही व्हायची होती. कागद त्यांच्या टेबलावर होता, मासिकाखालीच असायचा. मला काकांचं घर दिसलं, ओसरीवर बसलेला तो माणूस दिसला. त्या अंगठ्याची मला किळस आली. आणि तोंडातून जे रोज निघायचं तेच निघालं.

‘‘हो जी.’’

कँटीन फुटून हसलं. ‘‘हो-जी, तू तं कायबी इचारलं तरी हेच म्हनशील गं!’’ त्या हसण्यात माझं काय वाचलं आणि काय गेलं ते मला कळेना. फिटर मात्र हसला नाही. त्याने शांतपणे साहेबांना सांगितलं, ‘‘गाळला कुनी का आसंना. पट्टीवर नाय, म्हंजी नाय. उडी खरी.’’ आणि तो डाव त्याने पुढे जिंकला.

संध्याकाळी नळावर हात धुताना तो शेजारी आला.

‘‘पोरी, तू काय गाळलं नायस.’’

‘‘तुमच्या राजाले शह लागला होता जी.’’

‘‘लागला व्हता तं लागला व्हता. सायबाच्या मशिनला ठाव नाय, मंग मला कशाला ठाव?’’

‘‘मग मले तरी काऊन ठाव असंल?’’

तो माझ्याकडे बघतच राहिला. बहुतेक ‘हो जी’ सोडून दुसरं काही त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असेल. ‘‘तुला कायम व्हायचं हाय, व्हय?’’ असं म्हणून त्याने रुमाल झटकला आणि एसटी गाठायला गेला. तिथून गेल्यावर त्याच्या मनात काही खुटखुटलं असेल असं समजू नका. दुसऱ्या दिवशी त्याने कँटीनमध्ये पेढे वाटले आणि मलाही दिला, साहेबांना मशिनसकट हरवल्याचा. मी खाल्ला. चांगला होता.

साहेबांनी दोन दिवसांत सतरावा आकडा घातला. काळ्या राजाची उडी शिल्लक असेल तर दोन, पांढऱ्याची असेल तर एक, दोघांची असली की तीन, कुणाचीच नसली की शून्य. वरच्या ऑफिसातले मोठे साहेब खोली बघायला आले तेव्हा त्यांना हे समजावून सांगताना म्हणाले, ‘‘ऑपरेटरकडून गाळला जायचा, म्हणून मी आता मशिनलाच विचारायला लावलंय. त्याशिवाय ते पुढे जात नाही.’’ मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि इथे गार छान वाटतं म्हणाले.

मी कायम झाले. कारखान्यात मात्र माझं ‘हो-जी’ हे नाव गेलं आणि ‘सतरावी’ पडलं. गाळलेली ती सतरावी. नवीन लागलेली पोरं, ज्यांना पट आणि पट्टी काहीच ठाऊक नव्हतं, तीही मला सतरावीबाई म्हणत. माझ्या आधी कुणी सोळा बायका होत्या असं त्यांना वाटत असावं.

मावशीला मी खरं ते सगळं सांगितलं. मावशी माझ्याच गावची, पण शिळफाट्याला येऊन तिला इतकी वर्षं झाली होती की ती बोलायची इकडचंच. भाकरी थापता थापता तिने ऐकून घेतलं.

‘‘म्हंजी आकडा सायबानं गाळला?’’

‘‘हो.’’

‘‘आन् तू म्हनलीस मी गाळला?’’

‘‘हो.’’

‘‘म्हनून तुला कायम केली?’’

‘‘हो.’’

‘‘मंग यडे, एकच कशाला गं? दोन गाळलं म्हनायचं, हेडक्लार्क केली असती.’’

आम्ही दोघी इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी करपली. त्या साहेबांनी मला दिलेली भाकरी मी पुढे निवृत्त होईपर्यंत खाल्ली, आणि त्यांच्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते, तीही त्यांच्या अंगठ्यासकट. ज्याचा मान ठेवावासा वाटत नाही त्याचे आभार मानत जगणं अवघड नसतं. फक्त त्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं.

सही करतानाचं सांगायचं राहिलं. साहेबांनी मासिक उचललं, खालून माझा कागद काढला, पेन झटकलं. सही केली. मग शाई वाळेपर्यंत कागद माझ्या हाती न देता आपल्याच हातात धरून ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘‘आता कायम झालीस. पुन्हा अशी चूक व्हायला नको हं.’’

कागद अजून त्यांच्या हातात होता.

‘‘हो जी,’’ मी म्हणाले.